शेपूट गिळणारा साप : बेंझिनच्या कथेचे एक वाचन

११ मार्च १८९० रोजी बर्लिनच्या नगरभवनात जर्मन केमिकल सोसायटीने एक सोहळा भरवला होता. निमित्त होते एका सूत्राच्या रौप्यमहोत्सवाचे. संस्थेचा, नियतकालिकाचा, फार तर एखाद्या नाटकाचा रौप्यमहोत्सव झालेला आपण ऐकतो. कागदावर काढलेल्या सहा कोनांच्या आकृतीचा असा उत्सव व्हावा हे विरळाच. सत्कारमूर्ती होते साठ वर्षांचे ऑगस्ट केकुले, बॉन विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. पंचवीस वर्षांपूर्वी, १८६५ मध्ये, त्यांनी बेंझिनच्या रेणूतील सहा कार्बन अणू एकमेकांना धरून वर्तुळात बसलेले आहेत असे मांडले होते. गौरवाची भाषणे झाली आणि केकुले सत्काराला उत्तर देण्यासाठी उभे राहिले.

त्या उत्तरात त्यांनी दोन आठवणी सांगितल्या. पहिली लंडनची, १८५० च्या दशकाच्या मध्यातली. उन्हाळ्यातील रात्र, मित्राकडून घरी परतताना शेवटची ऑम्निबस, वरच्या मजल्यावरची जागा, निर्मनुष्य रस्ते. आणि तंद्रीत डोळ्यांपुढे नाचणारे, जोड्या जमवणारे, साखळ्या करणारे अणू. दुसरी गेंटची. बेल्जियममधील त्या गावी ते १८५८ ते १८६७ या काळात प्राध्यापक होते. पाठ्यपुस्तकाचे लेखन पुढे सरकेना म्हणून त्यांनी खुर्ची शेकोटीकडे वळवली, डोळा लागला, पुन्हा ते अणू नाचू लागले. आता त्यांच्या रांगा सापांसारख्या वळवळत होत्या, आणि त्यांतल्या एका सापाने स्वतःचेच शेपूट तोंडात धरले. विजेच्या लोळाने जाग यावी तसे ते जागे झाले आणि उरलेली रात्र त्या कल्पनेचे परिणाम तपासण्यात घालवली.

विज्ञानेतिहासातील इतकी लोकप्रिय कथा दुसरी शोधायची तर न्यूटनच्या सफरचंदापर्यंत जावे लागेल. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ती सर्जनशीलतेचा दाखला म्हणून येते, साहित्यशास्त्राच्या वर्गात प्रतिभेच्या स्फुरणाचा दाखला म्हणून येते. आमच्यासारखे मराठी शिकवणारे लोक काव्यहेतूंची चर्चा करताना कोलरिजच्या शेजारी केकुलेंना बसवतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील वेटोळे घातलेल्या कुंडलिनीशी त्या सापाची सांगड घालण्याचा मोहही मराठी वाचकाला होतो. तो टाळलेला बरा. कारण या कथेकडे दाखला म्हणून पाहण्याआधी एक मजकूर म्हणून पाहणे हे आपले काम आहे, आणि तेच आपण सहसा करीत नाही.

मजकूर म्हणून पाहिले तर पहिली गोष्ट लक्षात येते ती तिचा वाङ्मयप्रकार. हे सत्काराला दिलेले उत्तर आहे. महाराष्ट्रात षष्ट्यब्दी आणि अमृतमहोत्सव यांना हजेरी लावणाऱ्या कोणालाही या प्रकाराचे संकेत सांगावे लागू नयेत. सत्कारमूर्तीने आपल्या कर्तृत्वाबद्दल संकोच दाखवायचा, श्रेय पूर्वसूरींना द्यायचे, एकदोन गमतीच्या आठवणी सांगायच्या, तरुणांना उपदेश करायचा आणि बसायचे. केकुलेंचे भाषण या चौकटीत तंतोतंत बसते. आपली मते आधीच्यांच्या मतांतून उगवली, पूर्णपणे नवे असे काही नसते, हे ते आधी सांगतात. पहिले शिक्षण वास्तुविद्येचे असल्याने गोष्टी डोळ्यांपुढे चित्ररूपाने उभ्या केल्याशिवाय आपले समाधान होत नाही, असेही सांगतात. आणि स्वप्ने पाहायला शिका म्हटल्यावर लगेच बजावतात, की जागृत बुद्धीने पारखल्याशिवाय ती प्रसिद्ध करू नका. स्वतःच्या अनुभवासाठी ते वापरतात तो जर्मन शब्दही पुऱ्या स्वप्नाचा नव्हे, अर्धवट झोपेचा आहे. कथा सांगणाऱ्यांनी तंद्रीचे स्वप्न केले, रात्रभराची पडताळणी गाळली, आणि विनयाच्या भागाला तर कोणी हातच लावला नाही.

दुसरी गोष्ट काळाची. घटना गेंटमधली, अभ्यासक ती १८६१-६२ च्या हिवाळ्यात घडली असावी असे मानतात. पहिला लेख १८६५ चा. कथा सार्वजनिक झाली १८९० मध्ये. म्हणजे घटना आणि कथन यांत जवळजवळ तीन दशके आहेत. आत्मचरित्रांचे वाचन शिकवताना आपण विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हाच विचारायला लावतो, की लिहिणारा केव्हा लिहितो आहे. तोच इथे विचारला तर आणखी काही दिसू लागते.

१८८६ मध्ये, म्हणजे या भाषणाच्या चार वर्षे आधी, जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आपल्याच सोसायटीच्या गंभीर नियतकालिकाचे एक विडंबन छापले होते. ‘तहानलेल्या’ केमिकल सोसायटीचे इतिवृत्त असे त्याचे नाव. तहान कशाची ते सांगायला नको. त्यात बेंझिनची एक आकृती होती : सहा माकडे हातापायांनी एकमेकांना धरून कडे करून बसलेली, आणि काही जोड्यांनी शेपट्यांचेही वेढे घातलेले. शेपटीची पकड म्हणजे जादाचा बंध. तेव्हा १८९० च्या सभागृहात शेपूट धरणाऱ्या प्राण्याचा उल्लेख झाला त्या क्षणी अनेकांच्या चेहऱ्यांवर हसू उमटले असेल, असा तर्क करायला जागा आहे. साप हा माकडांना दिलेला प्रतिसाद होता काय, हे निश्चित ठरवता येणार नाही. पण मूळ कृती आधी आणि विडंबन नंतर हा आपला ठाम समज या उदाहरणापुढे जरा डळमळतो, एवढे खरे.

आणखी एक धागा आहे. केकुलेंच्या जन्मगावी, डार्मश्टाटमध्ये, १८४७ साली काउंटेस ग्योर्लिट्झ यांचा जळून मृत्यू झाला होता. १८५० मध्ये त्या खुनाचा खटला चालला. थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांची तज्ज्ञ म्हणून साक्ष झाली. शेजारी राहणाऱ्या तरुण केकुलेंचीही साक्ष झाली. चोरीस गेलेल्या दागिन्यांत एक अंगठी होती, स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या, एकमेकांत गुंफलेल्या दोन सापांची. मनोविश्लेषणाच्या वाटेने जाणारे या अंगठीपाशी बराच वेळ थांबतात. आम्ही थांबणार नाही. प्रतिमा कुठून आली हे कळल्याने ती कशासाठी वापरली गेली हे कळत नाही.

वापराकडे पाहिले तर लंडनची पहिली आठवण अधिक बोलकी ठरते. कार्बनला चार हात आहेत आणि कार्बनचे अणू परस्परांना जोडून साखळी करू शकतात, हा सिद्धांत केकुलेंनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, पॅरिसमध्ये काम करणाऱ्या आर्चिबाल्ड स्कॉट कूपर या तरुण स्कॉटिश माणसाने तोच विचार मांडला होता, आणि अणूंमधले बंध रेषांनी दाखवण्यात तो केकुलेंच्या पुढेच होता. पण ज्यांच्या प्रयोगशाळेत तो काम करी त्या वुर्त्झ यांच्याकडून त्याचा लेख अकादमीपुढे जाण्यास उशीर झाला; तेवढ्यात केकुलेंचा लेख आला. कूपरचे वुर्त्झ यांच्याशी भांडण झाले, प्रयोगशाळा सुटली, पुढे मानसिक आजाराने त्याला ग्रासले आणि रसायनशास्त्रात त्याने परत काही केले नाही. १८९० मध्ये तो जिवंत होता, स्कॉटलंडमधील एका लहान गावी आईच्या देखरेखीखाली. दोन वर्षांनी वारला. आपल्याला ही कल्पना १८५८ च्याही काही वर्षे आधी बसमध्ये सुचली होती, असे भर समारंभात सांगण्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर वेगळा लागतो. केकुले खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. तसे थेट म्हणणारे अभ्यासक आहेत : जॉन वॉटिझ आणि सुझाना रुडॉफ्स्की यांनी १९८० च्या दशकात ही स्वप्ने मागाहून रचलेली आहेत असा आरोप केला. अ‍ॅलन रॉक यांच्यासारख्या इतिहासकारांनी त्याला सविस्तर उत्तरे दिली. आमचा मुद्दा त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. आठवण खरी असूनही तिला काम असू शकते. बसमधील तंद्रीने अग्रक्रमाचा दावा शांतपणे, हसतखेळत, कोणाचेही नाव न घेता नोंदवला गेला.

व्हिएन्नाचे योहान लोश्मिट हे दुसरे अनुल्लेखित नाव. १८६१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकेत शेकडो रेणूंची चित्रे होती आणि बेंझिनच्या गाभ्यासाठी त्यांनी एक मोठे वर्तुळ काढले होते. केकुलेंनी ती चित्रे पाहिली होती. जानेवारी १८६२ मध्ये एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिची गोंधळाची सूत्रे अशी थट्टा केली आहे. म्हणून बेंझिनच्या कड्याचे खरे जनक लोश्मिटच, असे म्हणणारा एक पक्ष १९९० नंतर पुढे आला. आम्हाला तो पटत नाही. लोश्मिटचे वर्तुळ हे कड्याचे चित्र नव्हते. आतली रचना अजून ठरलेली नाही, ती तूर्त बाजूला ठेवू, असे सांगणारे ते चिन्ह होते. बीजगणितातील ‘क्ष’सारखे. आकार सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा होत नाही, हे चिन्हमीमांसेचा पहिला धडा घेतलेल्यांना तरी सांगावे लागू नये. या प्रकरणातला विलक्षण भाग पुढेच आहे. कूपरचे चरित्र आणि लेख १९०९ मध्ये, लोश्मिटची पुस्तिका १९१३ मध्ये, पुन्हा प्रकाशात आणली ती रिचर्ड अनशुट्झ यांनी. आणि हे अनशुट्झ म्हणजे केकुलेंचेच शिष्य, बॉनमधले उत्तराधिकारी आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन खंडांच्या चरित्राचे लेखक. गुरूच्या चरित्राची साधने जमवताना, गुरूच्या उजेडामुळे अंधारात गेलेली माणसे शिष्याला सापडली आणि त्याने ती लपवली नाहीत. मराठीतील चरित्रलेखनाचा विचार करताना आम्हाला हे उदाहरण वारंवार आठवते.

मुळात कोडे काय होते, ज्याच्या उत्तराचा एवढा उत्सव झाला?

१८२५ मध्ये मायकेल फॅरडे यांना लंडनमध्ये, दिव्यांसाठी दाबून भरलेल्या तेलजन्य वायूच्या पात्रांच्या तळाशी साचणाऱ्या द्रवातून एक नवा पदार्थ मिळाला. त्यात कार्बन आणि हायड्रोजनखेरीज काही नव्हते. १८३० च्या दशकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये मिट्शरलिख यांनी बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवून तोच द्रव मिळवला आणि त्याला ‘बेंझिन’ म्हटले. पॅरिसच्या लोराँ यांनी वेगळे नाव सुचवले, ग्रीकमधील ‘प्रकाशणे’ या धातूवरून ‘फेन’, कारण पदार्थ दिव्याच्या वायूत सापडला होता. ते नाव रुजले नाही, पण फिनॉल आणि फेनिल या शब्दांत उरले.

मिट्शरलिख यांच्या नावाची वंशावळ मात्र आपल्या दाराशी येते. बेंझोइक आम्ल मिळे बेंझॉइन नावाच्या सुवासिक राळेपासून. अरब व्यापारी तिला लुबान जावी म्हणत, म्हणजे जावाचा धूप. युरोपच्या दक्षिणेकडील भाषांत या शब्दाचा पहिला तुकडा चुकून उपपद समजला गेला आणि गळला. उरलेल्याचे बेंजॉइन झाले. आपण मात्र तो पुढचा शब्द जपला : धूप म्हणून निखाऱ्यावर टाकतो तो लोबान. एकाच अरबी शब्दसमूहाचे डोके मराठीत राहिले आणि धड रसायनशास्त्रात गेले.

‘ॲरोमॅटिक’ या विशेषणाची कथाही अशीच. कडू बदाम, व्हॅनिला, लोबान अशा सुवासिक वस्तूंतून येणाऱ्या पदार्थांचा एक गट एकोणिसाव्या शतकात त्यांच्या वासावरून ओळखला गेला. आपल्या लवंगेतील युजेनॉल आणि बडीशेपेतील ॲनेथॉल याच कुळातले. पुढे या सर्वांत बेंझिनचे कडे आहे असे कळले आणि नाव कड्याला चिकटले, वास असो वा नसो. तिळाचे ते तेल, आणि मग करडईचेही तेल, असा जो अर्थविस्तार आपण भाषाशास्त्राच्या तासाला शिकवतो, त्याचे हे चोख उदाहरण. बेंझिनला स्वतःला गोडसर वास आहे खरा, पण तो हुंगावा असा नाही. दीर्घकाळ संपर्क आल्यास ते रक्ताचा कर्करोग घडवते.

कोडे असे होते. सहा कार्बन, सहा हायड्रोजन. कार्बनला चार हात मानले तर सहा कार्बनांच्या साखळीला चौदा हायड्रोजन लागतात. इथे सहाच आहेत. म्हणजे पदार्थ अत्यंत ‘असंतृप्त’, भुकेला असायला हवा. अशा पदार्थात ब्रोमीन टाकला की त्याचा लाल-तपकिरी रंग चटकन उडतो, कारण रेणू तो सामावून घेतो. बेंझिन तसे करीत नाही. ब्रोमीन टाकून ठेवा, रंग राहतो. लोखंडाचा कीस घालून प्रक्रिया घडवून आणलीच, तर एक ब्रोमीन आत येतो आणि एक हायड्रोजन बाहेर पडतो. कड्यातील संख्या कायम.

या दोन वर्तनांना मराठी पाठ्यपुस्तकांनी दिलेली नावे आम्हाला फार आवडतात : पहिले समावेशन, दुसरे आदेशन. ‘आदेश’ हा थेट पाणिनीच्या शाळेतला शब्द आहे. एका वर्णाला हटवून त्याच्या जागी येणारा तो आदेश. कोणालाही न हटवता येऊन बसणारा तो आगम. आदेश शत्रूसारखा आणि आगम मित्रासारखा, अशी वैयाकरणांची जुनी खूणगाठ आहे. बेंझिनला मित्र नको आहेत, असे गमतीने म्हणता येईल. आगम स्वीकारला तर त्याचे कडे बदलते, आणि ते त्याला परवडत नाही. का परवडत नाही, याचे उत्तर मिळायला केकुलेंनंतर सहासष्ट वर्षे लागली.

केकुलेंनी १८६५ मध्ये सांगितले ते असे : साखळीची दोन टोके जोडून घ्या, म्हणजे कडे होईल, कड्यात एकाआड एक बंध दुहेरी ठेवा, म्हणजे प्रत्येक कार्बनचे चार हात भरतील. पहिल्या लेखातील आकृत्या आज पाहिल्या तर षटकोन दिसतच नाही. लांबट, फुगीर, ज्यांना पुढे सॉसेजची उपमा मिळाली असे आकार दिसतात. षटकोन नंतरच्या लेखांत आला. या कल्पनेतून पडताळता येईल असे भाकीत निघत होते. सहाही जागा समान असतील, तर एक हायड्रोजन बदलल्यावर एकच पदार्थ मिळावा, दोन बदलल्यावर तीन समघटक मिळावेत : शेजारशेजारचे, एक सोडून, आणि समोरासमोरचे. त्या वेळी पुरावा तुटपुंजा होता; पुढल्या दहा वर्षांत तो जमला, आणि त्यात गेंटमध्ये केकुलेंचे सहायक असलेल्या क्योर्नर यांनी इटलीत केलेल्या चिकाटीच्या कामाचा वाटा मोठा होता. सापाच्या कथेत क्योर्नर नाहीत.

मग १८६९ मध्ये आल्बर्ट लाडेनबुर्ग यांनी, तेही गेंटमध्ये राहून गेलेले, एक साधा प्रश्न विचारला. एकाआड एक दुहेरी बंध खरे असतील तर शेजारशेजारच्या दोन जागांचे दोन प्रकार होतील : ज्यांच्यामध्ये दुहेरी बंध आहे ते, आणि ज्यांच्यामध्ये एकेरी आहे ते. म्हणजे समघटक तीन नव्हे, चार. निसर्गात तीनच सापडतात. आकृती जे बोलते ते वस्तू बोलत नाही. लाडेनबुर्ग यांनी स्वतः त्रिकोणी लोलकाची रचना सुचवली. ती बेंझिनची नाही हे पुढे ठरले, पण तसा रेणू मात्र १९७३ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला. ड्यूआर यांच्या नावाने ओळखली जाणारी, १८६७ ची रचनाही अशीच १९६० च्या दशकात प्रत्यक्षात आली. चुकीची उत्तरे दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाची बरोबर उत्तरे निघावीत, हे समीक्षेतही घडते.

केकुलेंचे उत्तर आले १८७२ मध्ये. रेणूतील अणू सतत हलत असतात, प्रत्येक कार्बन आपल्या दोन्ही शेजाऱ्यांवर आळीपाळीने आदळतो, आणि म्हणून दुहेरी बंधाची जागा पालटत राहते. दोन्ही आकृत्या क्षणाक्षणाला एकमेकींत बदलतात. आम्हाला हा सगळ्या इतिहासातला कळीचा प्रसंग वाटतो, सापापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. कारण येथे चिन्ह अपुरे पडले आणि ते वाचवण्यासाठी त्यात काळ घालावा लागला. कागदावर रेषा एकाच जागी काढता येते. म्हणून ती रेषा धावते आहे असे म्हणायचे. गंमत अशी, की हेच केकुले १८६० च्या सुमारास आपल्या पाठ्यपुस्तकात लिहीत होते, की अशी सूत्रे फक्त प्रक्रियांचा हिशेब मांडतात, अणूंची खरी मांडणी नव्हे. स्वतःचे सूत्र हाती आल्यावर तेही त्याकडे हळूहळू वस्तू म्हणून पाहू लागले.

सूत्राने जगात काय केले, ते थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर १८९० चा खर्च कशासाठी हे कळणार नाही. होफमान यांनी १८४५ मध्ये कोळशाच्या डांबरात बेंझिन दाखवले. ते वेगळे काढण्याची रीत बसवणारा त्यांचा विद्यार्थी चार्ल्स मॅन्सफील्ड १८५५ मध्ये त्याच कामात भाजून मरण पावला. डांबरातून रंग येऊ लागले; आणि रेणूचा नकाशा हाती आल्यावर रंग आखून करता येऊ लागले. केकुलेंचे शिष्य बायर यांनी १८८३ मध्ये निळीची रचना ठरवली. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि तिचा कच्चा माल होता नॅफ्थलीन, दोन बेंझिन कडी चिकटलेला पदार्थ, ज्याला आपण कपाटात ठेवताना नेमक्या कुळनावाने डांबरगोळी म्हणतो. बिहारमधील निळीची किंमत घसरली. चंपारणमध्ये बिघ्यातील वीसपैकी तीन कठ्ठ्यांवर नीळ लावण्याची सक्ती होती. आता मळेवाल्यांनाच ती नकोशी झाली, तेव्हा त्यांनी सक्ती सोडण्याच्या बदल्यात शेतकऱ्यांकडून वाढीव खंड आणि रोख रकमा उकळल्या. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले तेव्हा त्यांच्यापुढे आलेल्या तक्रारींत ही वसुली होती. आणि ‘ॲनिलिन’ हा जर्मन रंगधंद्याचा लाडका शब्द मुळात संस्कृत ‘नील’. फारसी, अरबी, पोर्तुगीज असा प्रवास करून तो जर्मनीत पोहोचला होता. बर्लिनच्या सोहळ्यात केकुलेंच्या तैलचित्रामागे पैसा होता तो याच धंद्याचा.

विसाव्या शतकात प्रश्न पुन्हा उघडला. १९२९ मध्ये लीड्सच्या कॅथलीन लॉन्सडेल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने, सगळे गणित हाताने करून, बेंझिनच्या एका स्फटिकरूप वंशजाची रचना दाखवली. कडे सपाट, षटकोन नियमित. पुढे मोजमापे अधिक नेमकी झाली. कार्बन-कार्बन एकेरी बंध १.५४ आंगस्ट्रॉमचा, दुहेरी १.३४ चा, बेंझिनमधील सहाही बंध सुमारे १.३९ चे. एकाआड एक लांब-आखूड काही नाही. दुहेरी बंध आळीपाळीने धावतही नाहीत. ते तसे वेगळे कधी अस्तित्वातच नसतात. जादाचे सहा इलेक्ट्रॉन सहाही कार्बनांवर एकदम पसरलेले असतात. ह्युकेल यांनी १९३१ मध्ये सहा ही संख्याच इतकी स्थैर्य देणारी का, हे पुंजयामिकीच्या आधारे दाखवले. हायड्रोजन मिळवताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेवरून हे स्थैर्य मोजता येते : तीन सुट्या दुहेरी बंधांकडून अपेक्षित असते त्यापेक्षा बेंझिन प्रतिमोल सुमारे ३६ किलोकॅलरींनी खालच्या पातळीवर आहे. समावेशन का परवडत नाही, याचे उत्तर हेच. ही बचत मोडून मित्र जोडण्यापेक्षा शत्रूला जागा देणे स्वस्त पडते.

त्याच सुमारास लायनस पॉलिंग यांनी जुन्या दोन आकृत्या टाकून न देता सांगितले, की खरा रेणू यांपैकी कोणतीही एक नाही, तो दोहोंचे एकत्रित रूप आहे. याला त्यांनी ‘रेझोनन्स’ म्हटले. शब्दाची निवड दुर्दैवी होती, कारण त्यातून पुन्हा कंपन, आंदोलन, आळीपाळी सूचित होते, म्हणजे १८७२ ची चूक मागच्या दाराने आत येते. विद्यार्थ्यांचा गोंधळ आवरण्यासाठी शिक्षकांनी उपमा शोधल्या. खेचर घोडा आणि गाढव यांचा संकर असते. ते एका क्षणी घोडा आणि दुसऱ्या क्षणी गाढव नसते. त्याहून सरस उपमा जॉन रॉबर्ट्स यांची. मध्ययुगातला प्रवासी गेंडा पाहून परततो आणि घरच्यांना सांगतो, की तो प्राणी ड्रॅगन आणि एकशिंग्या घोडा यांच्या मधला होता. दोन्ही काल्पनिक, वर्णिलेला प्राणी तेवढा खरा. उपमेय सत्य आणि दोन्ही उपमाने असत्, असा हा अलंकार आमच्या अलंकारशास्त्रात कोणत्या नावाखाली घालावा, यावर आमच्यात एकमत झालेले नाही.

हा वाद केवळ अलंकाराचा राहिला नाही. जून १९५१ मध्ये मॉस्कोत रसायनरचनेच्या सिद्धांतावर परिषद भरली आणि रेझोनन्सचा धिक्कार झाला. आक्षेप असा, की अस्तित्वात नसलेल्या आकृत्यांच्या आधारे वास्तव समजावणे हा भांडवली आदर्शवाद आहे. सिरकिन आणि द्यात्किना हे, या सिद्धांतावर पुस्तक लिहिणारे दोघे सोव्हिएत शास्त्रज्ञ, टीकेचे लक्ष्य झाले. रचनेच्या सिद्धांताचे खरे जनक रशियन बुटलेरोव्ह, असे ठासून सांगण्यात आले. इकडे अमेरिकेत पॉलिंग कम्युनिस्टांचे सहानुभूतिदार ठरून १९५२ मध्ये त्यांना लंडनच्या परिषदेसाठी पारपत्र नाकारले गेले. एका सरकारला ते फार डावे वाटत होते आणि दुसऱ्याला त्यांची रूपके पुरेशी भौतिकवादी वाटत नव्हती. समाजवादी वास्तववादाच्या नावाने प्रतिमांची झडती घेतली जाण्याच्या त्या काळात रसायनशास्त्रातील दोन रेषांचीही झडती झाली, हे साहित्याच्या इतिहासात नोंदले जात नाही. नोंदले जायला हवे. तशी मूळ हरकत अगदीच निरर्थक नव्हती. चिन्ह आणि वस्तू यांत गल्लत होते, हे त्यांना बरोबर दिसले होते. फक्त ती गल्लत त्यांनी पॉलिंग यांच्या माथी मारली, आणि उत्तर तर्काऐवजी ठरावाने दिले.

आज पाठ्यपुस्तकांत षटकोनाच्या आत एक वर्तुळ काढण्याची रीत आहे. ती १९२५ मध्ये आर्मिट आणि रॉबिन्सन यांनी रूढ केली. वर्तुळ म्हणजे पसरलेले सहा इलेक्ट्रॉन. सत्याच्या ते अधिक जवळ आहे. पण डांबरगोळीच्या रेणूत दोन कडी काढून दोन्हींत वर्तुळे घातली तर इलेक्ट्रॉन बारा भरतात, आणि असतात दहाच. शिवाय ब्रोमीन आत येताना आणि हायड्रोजन बाहेर जाताना इलेक्ट्रॉनांची कोणती जोडी कुठून कुठे सरकली, हे बाण काढून दाखवायचे तर वर्तुळातून बाण निघत नाही. तेव्हा रसायनशास्त्राचा शिक्षक ते पुसतो आणि फळ्यावर १८६६ च्या तीन जोडरेषा काढतो, त्या तिथे नाहीत हे ठाऊक असताना.